राजवाड्याभोवती पायी: एक कॅमेरा, एक लेन्स आणि इंदूर

इंदूर पायी बघायचं असेल तर सगळं इंदूर बघायचा हट्ट आधी सोडा. विजयनगर, सुपर कॉरिडॉर, बायपास हा भाग गाडीवरून बघायचा. तिथली अंतरं पायी चालणाऱ्याला धरून आखलेलीच नाहीत. चालण्याचं इंदूर वेगळं आहे. पूर्वेला गांधी हॉल, पश्चिमेला काच मंदिर, दक्षिणेला जवाहर मार्ग आणि मधोमध होळकरांचा राजवाडा, एवढाच तो तुकडा. न थांबता चाललात तर अर्ध्या-पाऊण तासात या टोकाहून त्या टोकाला पोचाल. कॅमेरा हातात असेल तर एका सकाळी त्यातल्या एका गल्लीच्या पुढे जाऊ नका, हे माझं पहिलं सांगणं.

नोकरी किंवा शिक्षणासाठी जे नुकतेच इंदुरात आले आहेत, ज्यांच्याकडे एक कॅमेरा आणि एकच लेन्स आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. इथंच जन्मलेले, पण राजवाडा कायम स्कूटरवरून ओलांडलेले लोकही यात आले.

एकच लेन्स का, असं विचाराल. पैसे वाचतात, खांदा दुखत नाही, ही कारणं आहेतच. पण माझ्या मते मुख्य कारण अंतराचं आहे. झूम लेन्स असली की आपण जिथं असतो तिथंच उभे राहतो आणि रिंग फिरवून समोरचं जवळ ओढतो. लेन्स एकाच मापाची असली की आपल्यालाच सरकावं लागतं. जिलबीच्या कढईचा फोटो हवा तर कढईपाशी जावं लागतं. तिथं गेलं की जिलबीवाल्याची नजर भेटते, तो काहीतरी विचारतो, आपल्याला उत्तर द्यावं लागतं. चार पावलं पुढे टाकण्यातून जी ओळख होते, ती टेलिफोटो लेन्सनं पलीकडच्या फुटपाथवरून होत नाही.

लेन्स कोणती

फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर ३५ मिलिमीटर. हा आकडा लेन्सच्या फोकल लेंथचा; तो वाढला की दृश्याचा कोन अरुंद होतो. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा असेल, आणि नवख्यांकडे बहुधा तोच असतो, तर २३ किंवा २४ मिलिमीटर. त्याचं चित्र फुल फ्रेमवरच्या ३५ सारखंच दिसतं. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स स्वस्त मिळते म्हणून पुष्कळ जण तीच घेतात. फुल फ्रेमवर ती उत्तम आहे. एपीएस-सीवर मात्र ती ७५-८० सारखी वागते, आणि सराफ्याच्या गल्लीत तेवढं मागे सरकायला जागाच नसते. पाठ समोरच्या दुकानाच्या काउंटरला लागते. ती आधीच घेतली असेल तर विकू नका, पण चेहरे, हात आणि तपशील यांवरच काम करायचं असं मनाशी धरून निघा.

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स असेल तर नवी घ्यायची गरज नाही. ती २४ वर आणा आणि झूमच्या रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून टाका. ती पट्टी काही महिने काढायची नाही. फोनवर काम करत असाल तर मुख्य कॅमेरा वापरा आणि बोटांनी झूम करणं पूर्ण बंद करा. फोनचा कोन थोडा मोठा, म्हणजे बहुतेक २४ ते २६ च्या आसपास असतो, त्यामुळे अजून एक पाऊल पुढे जावं लागेल. एवढाच फरक.

बाकी सामान थोडंच. एक जास्तीची बॅटरी, लेन्स पुसायचं सुती फडकं, पाण्याची बाटली, रुळलेली चप्पल किंवा बूट. पाठीवरची मोठी बॅग घरी ठेवा. बर्तन बाजारात ती दर दहा पावलांवर कुणाच्या तरी परातींना लागते. गाडीही घरीच ठेवा. राजवाड्याजवळ पार्किंग शोधण्यात सकाळचं चांगलं ऊन निघून जातं.

अंतर अंगवळणी पाडा

बाजारात जाण्याआधी हे घरी करायचं आहे, आणि नव्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

फुल फ्रेमवर ३५ची लेन्स आडवी धरली की समोरच्या वस्तूपर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढीच रुंदी चौकटीत मावते. तीन मीटरवर उभे असाल तर तीन मीटर रुंदीचं दृश्य, सहा मीटरवर असाल तर सहा मीटरचं. उंची रुंदीच्या दोन तृतीयांश. एवढं हिशेबात आलं की कॅमेरा डोळ्याला न लावताही चौकटीत काय येणार ते कळू लागतं. ५०च्या लेन्सला रुंदी अंतराच्या पाऊणपटीहून थोडी कमी धरा. फोनला सव्वा ते दीडपट.

आता हे माणसांवर आणून बघा. दीड मीटरवरून माणूस कमरेपासून वर दिसतो. हे दोन माणसांनी उभं राहून बोलण्याचं अंतर. तीन मीटरवरून तो डोक्यापासून पायापर्यंत येतो, आजूबाजूला थोडी जागा राहते; हे गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातल्या अंतराहून थोडं जास्त. सहा मीटरवरून अख्खं दुकान, त्याची पाटी, बाहेर लावलेल्या दोन गाड्या. ही तीनच अंतरं पक्की करा. घरच्या अंगणात किंवा गच्चीवर फरशा मोजून दीड, तीन आणि सहा मीटरवर खडूची खूण करा आणि घरातल्या कुणाला तरी समोर उभं करा. आधी कागदावर लिहा की चौकट कुठं कापली जाईल, मग कॅमेरा उचलून पडताळून पाहा. चार-पाच संध्याकाळी हे केलंत तर पाय आपोआप थांबायला लागतात.

बाजारात बरेच जण दोन अंतरांच्या मध्ये उभे राहतात. तिथून माणूसही अर्धवट दिसतो आणि दुकानही. फोटो फिका का आला ते मग कळत नाही. एक तर जवळ जा, नाही तर मागे सरका.

कॅमेरा आधीच लावून ठेवा

रस्त्यावर बटणं फिरवत बसलं की समोरचं निघून जातं. दिवसा अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ/८ ठेवा; एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं. शटरचा किमान वेग सेकंदाचा २५०वा भाग, म्हणजे चालता माणूस ठाशीव येतो. रिक्षा, स्कूटर थांबवायच्या असतील तर ५००वा भाग. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेड किती वाढवून घेतो त्याचं माप, ऑटोवर सोडा आणि कमाल मर्यादा ६४०० करा. चित्रात दाणे दिसतील याची भीती नको. हललेला फोटो वाचवता येत नाही, दाणेदार फोटो चालतो.

फोकसबद्दल एक जुनी रीत आहे आणि ती अजूनही चोख काम देते. ३५च्या लेन्सवर एफ/८ ठेवून फोकस तीन मीटरवर बांधून टाकला तर फुल फ्रेमवर साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. एपीएस-सीवर २३ची लेन्स असेल तर त्याहूनही जास्त पल्ला मिळतो. म्हणजे आपली तीन आणि सहा मीटरची दोन्ही अंतरं यात बसली. मग कॅमेऱ्याला फोकस शोधायची गरज उरत नाही. उचलला आणि दाबला. दीड मीटरवर जाताना मात्र ऑटोफोकस चालू करा.

फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या फाइलमध्ये घ्या. इंदूरच्या बाजारात एकाच चौकटीत ऊन, ताडपत्रीची निळी सावली आणि दुकानातला पांढरा एलईडी असं तिन्ही येतं. रंग नंतर जुळवायला रॉ लागतेच.

पहिला फेरा: सकाळी गांधी हॉलकडून राजवाड्याकडे

सकाळी साडेसहा-सातला गांधी हॉलपासून सुरुवात करा. १९०४ मध्ये बांधलेली ही इमारत आधी किंग एडवर्ड हॉल होती. १९४८ मध्ये तिला गांधीजींचं नाव मिळालं. घड्याळाच्या मनोऱ्यामुळे जुने लोक तिला घंटाघरही म्हणतात. ही इमारत सरावासाठी चांगली, कारण समोर मोकळी जागा आहे. मनोरा पूर्ण घ्यायचा म्हणून कॅमेरा वर झुकवला की भिंती आत कलतात. तो सरळ धरा आणि वर सांगितलेला हिशेब वापरा: ३५ची लेन्स उभी धरली तर जेवढं अंतर तेवढी उंची मावते. पण कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असल्यामुळे त्यातली जवळपास अर्धी उंची जमिनीकडे जाते. म्हणून मनोऱ्याच्या उंचीच्या दुपटीइतकं मागे जायचं. मग खालच्या अर्ध्या भागात काय ठेवायचं, हा खरा प्रश्न. फिरायला आलेले आजोबा, झाडूवाल्या बाई, एखादी सायकल. त्यांची वाट बघा.

तिथून महात्मा गांधी मार्गानं पश्चिमेकडे चालू लागा. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो. समोरचं सगळं उजळ दिसतं, रंग छान येतात, पण चित्र सपाट होतं. म्हणून दर शंभर-दीडशे पावलांवर थांबून मागे वळून बघा. त्या बाजूनं येणाऱ्या माणसांच्या कडा उन्हात चमकत असतात, सावल्या तुमच्याकडे लांबलेल्या असतात. पोह्यांच्या ठेल्याचा फोटो तर याच बाजूनं घ्यायचा. इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले असतात. सूर्य वाफेच्या मागे असला तरच वाफ दिसते, पुढून ऊन असलं की ती नाहीशी होते. मागे गडद भिंत किंवा सावलीतलं दुकान येईल असे उभे राहा, एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, एक स्टॉपनं (निम्म्यानं) कमी करा. आधी एक प्लेट पोहे-जलेबी घ्या, वरून शेव आणि जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरून. खाता खाता ठेलेवाल्याच्या हाताची लय कळते, कोणत्या क्षणी झाकण उघडतो ते कळतं.

पुढे खान नदीच्या काठावर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या लागतात. होळकर घराण्यातल्या कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांची ही स्मारकं. दगडावरचं कोरीव काम बारीक आहे आणि ते तिरप्या उन्हातच उठून दिसतं. नऊनंतर गेलात तर नक्षी विझल्यासारखी होते. छत्र्यांच्या आत उभं राहून बाहेर बघा. खांबांमधून तयार चौकट मिळते, त्यात रस्ता, बस, माणसं. जवळच्या दत्तमंदिरात गुरुवारी गर्दी असते, मराठी कानावर पडतं. देवळात कॅमेरा बंद ठेवा. बाहेर फुलं-नारळ विकणाऱ्यांशी मात्र जरूर बोला.

मग राजवाडा. सात मजली, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. आगी त्यानं एकाहून जास्त वेळा पाहिल्या; १९८४च्या दंगलीतल्या आगीत मागचा मोठा भाग गेला आणि पुढे तो नव्यानं उभा राहिला. नवखा माणूस इथं येतो आणि बागेच्या पलीकडे जाऊन, अहिल्याबाईंच्या पुतळ्यासह, पोस्टकार्डासारखा एक फोटो काढतो. तो काढा, मनातून जाऊ द्या, आणि मग कामाला लागा. दर्शनी दरवाजाच्या सावलीत उभे राहा, तिथून बाहेरचा चौक बघा. फुगेवाला, कबुतरं, बांगड्यांची हातगाडी, शाळेची व्हॅन. वायरी आणि फ्लेक्स चौकटीत येतात म्हणून पुष्कळ जण वैतागतात. मला त्या चौकटीत हव्या वाटतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स वगळून काढलेला राजवाडा सुंदर दिसेल, पण तो आजचा राजवाडा नव्हे, आणि वीस वर्षांनी त्या फ्लेक्समुळेच फोटोचं साल ओळखू येईल.

इथं एक अभ्यास करा. चौकात एक जागा निवडा आणि वीस मिनिटं तिथून हलू नका. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. मग कळतं की अमुक कोपऱ्यात उन्हाचा पट्टा आहे आणि प्रत्येक जण तो ओलांडताना डोळे मिचकावतो. एक्स्पोजर त्या पट्ट्यावर बांधा, बाकीचं काळोखात जाऊ द्या, आणि माणूस पट्ट्यात पाऊल ठेवेल तेव्हाच दाबा.

दुसरा फेरा: दुपारचे बाजार

दुपारचं ऊन वाईट, असं पुस्तकी ज्ञान सगळे सांगतात. मोकळ्या मैदानात ते खरं आहे. जुन्या बाजारात दुपारीच मजा असते, कारण गल्ल्या अरुंद आहेत, वर ताडपत्र्या आणि छज्जे आहेत, आणि ऊन फटींमधून आत येतं. शिवाय दुकानं दहा-अकराच्या आधी नीट उघडतच नाहीत.

बर्तन बाजारापासून सुरुवात करा. स्टील, पितळ, तांबं. फटीतून आलेलं ऊन एका परातीवर पडलं की समोरच्या दुकानदाराच्या चेहऱ्यावर खालून उजेड जातो. असा प्रकाश स्टुडिओत पैसे टाकून करावा लागतो. तो उजेड दिवसातून थोडाच वेळ असतो आणि रोज थोडा सरकतो, म्हणून एकाच गल्लीत परत परत जायचं. चकाकत्या भांड्यांमुळे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चित्र काळं पडतं. इथं एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवावं लागतं. भांड्यात तुमचं स्वतःचं प्रतिबिंबही येईल, ते तपासत जा.

खजुरी बाजारात पुस्तकं-वह्यांची दुकानं आहेत. जून-जुलैत शाळा उघडताना तिथली गर्दी बघण्यासारखी. कापडासाठी महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, जिथं दुकानदार गादीवर बसून थान उलगडतो. थान हवेत उडतं तो क्षण पकडायचा तर शटर ५००वर न्या. गिऱ्हाईक बाई असेल तर आधी दुकानदाराला आणि मग त्यांनाही विचारा.

काच मंदिर सेठ हुकुमचंदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधवलं. आत भिंती, छत, खांब सगळं काचेनं मढवलेलं आहे. आत फोटो काढायला मनाई असते. कॅमेरा पिशवीत ठेवा, आत जा आणि नुसतं बघा. एकच दिवा इतक्या आरशांत कसा फिरतो ते डोळ्यांत साठवा. बाहेर आल्यावर दागिन्यांच्या दुकानांच्या काचांकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल.

नकाशावर सगळ्या गल्ल्यांना टिकमार्क करायची घाई करू नका. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार शंभर वर्षांपूर्वी इंदुरात आले होते आणि १९१८ मध्ये त्यांनी होळकर दरबाराला शहराबद्दल मोठा अहवाल दिला. कागदावर सरळ रेघ ओढून वस्ती पाडण्याआधी ती पायाखालून घालावी, या मताचे ते होते. छायाचित्रकाराला त्यांची हीच सवय घेण्यासारखी आहे. एका वहीत गल्लीचं नाव, वेळ आणि ऊन कुठून येतं एवढं लिहून ठेवा. महिनाभरात स्वतःचा नकाशा तयार होतो, आणि तो कुठल्याही अ‍ॅपमध्ये नसतो.

रात्रीचा सराफा

दिवसा इथं सोनं-चांदीचं काम चालतं. तेव्हा कॅमेरा जपून, विचारूनच. दागिने समोर मांडलेले असताना अनोळखी माणसानं फोटो काढलेला कुणाला आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. रात्री आठ-नऊनंतर शटर खाली येतात आणि त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात. भुट्ट्याचा कीस, गराडू हा तळलेला कंद, दहीवडा, मावाबाटी, साबुदाण्याची खिचडी, ताटलीएवढा जलेबा. गराडू थंडीतच मिळतो.

रात्री कॅमेरा असा लावा. लेन्स एफ/२ पर्यंत उघडत असेल तर एफ/२, आयएसओ १६०० ते ३२००, शटर १००वा भाग. १२५ऐवजी १०० सांगण्याला कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे पुष्कळ एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण वेगवान शटरवर, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरवर, चित्रात काळे आडवे पट्टे येतात. १०० किंवा ५०वर ते जवळजवळ जातात. शटर मेकॅनिकलवर ठेवा. १८-५५ लेन्स असेल तर आयएसओ ६४०० करावी लागेल; खुशाल करा.

उजेड दुकानाच्या आतून बाहेर पडतो, म्हणून गिऱ्हाइकांच्या पाठी काळ्या आणि दुकानदार झगमगीत असं होतं. यावर उपाय म्हणजे बाजूला जाणं. ठेल्याच्या कडेला, तीन मीटरवर, तिरपे उभे राहिलात तर दुकानदार, कढई आणि हातात द्रोण घेतलेलं गिऱ्हाईक या तिघांवरही उजेड येतो. एक्स्पोजर दिव्यावर बांधा. चित्रात दिवा पांढराफट्ट झाला तर त्यातला तपशील नंतर परत मिळत नाही. वाफ आणि तेलाचे बारीक थेंब लेन्सवर बसतात, दर थोड्या वेळानं काच पुसा. फ्लॅश अजिबात नको. उकळत्या तेलावर काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर झोत मारणं धोक्याचं आहे.

शनिवार-रविवारी रात्री जाऊ नका. गर्दीत दीड मीटरही सुटत नाही. सोमवार ते गुरुवार, साडेनऊच्या सुमारास. छप्पन दुकान ही इंदूरची दुसरी खाऊगल्लीही तिथल्या मोकळ्या पायवाटेमुळे सोपी वाटेल, पण शिकायला सराफाच बरा.

विचारणं

इंदूर बोलकं शहर आहे, हे आपल्या पथ्यावर पडतं. "भिया, एक फोटो ले लूँ? आप काम करते रहो," एवढं वाक्य पुरतं. दुसरा भाग महत्त्वाचा. नुसता पहिला भाग बोललात तर माणूस काम सोडून ताठ उभा राहतो, केस सारखे करतो. तो पोज देऊन उभा राहिलाच तर तोही फोटो मनापासून काढा, त्याला दाखवा, आणि मग तिथंच थोडा वेळ थांबा. तो पुन्हा कामाला लागेल, तेव्हा तुमचा फोटो मिळेल. रामबागेसारख्या मराठी वस्तीत "काका, फोटो काढू का?" म्हटलंत की आधी आडनाव विचारलं जाईल, मग गाव, मग चहा. घाई असेल तर रामबागेत जाऊ नका.

नकार आला तर कॅमेरा खाली, हसून "कोई बात नहीं" आणि पुढे. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. झोपलेली, आजारी, भीक मागणारी माणसं सोडून द्या. त्यांना नाही म्हणायची संधी आपण देत नसतो. पोलीस चौकी, लष्करी हद्द, रेल्वे स्टेशनचा आतला भाग इथं परवानगी न घेता कॅमेरा काढू नका. राजवाडा आणि होळकरांचा लालबाग महाल यांच्या आत जाताना तिकीटखिडकीवरची पाटी वाचा, कॅमेऱ्याचा नियम तिथं लिहिलेला असतो.

लोक कॅमेऱ्यासमोर मोकळे होतात त्यामागे काळ मोठा आहे. राजा दीनदयाळ हे भारतातले सर्वांत नावाजलेले आरंभीचे छायाचित्रकार मुळात इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७४च्या सुमारास त्यांनी इथंच छायाचित्रण सुरू केलं. काचेच्या प्लेटा, तिपाई, जड पेटी. त्यांना झूम नव्हता. समोरच्या माणसाला थांबायची विनंती करावी लागायची. पुढे १९२७ मध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी इथं चित्रकलेची शाळा काढली, तिथून ना. श्री. बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन घडले. बाहेर पडून, प्रत्यक्ष बघून रंगवण्याला त्या शाळेत मान होता. रस्त्यात उभं राहून शहराकडे टक लावून बघणाऱ्यांना इंदूर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून घेत आलं आहे, आणि ते तुम्हालाही घेईल.

ऋतू

डिसेंबर-जानेवारी सगळ्यात उत्तम. भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४४ ते ५० अंशांवरच असतो, सावल्या दिवसभर लांब. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि चेहऱ्यांवर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे पडतात. तेव्हा फक्त सकाळ आणि रात्र. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी कॅमेऱ्यावर, लेन्सपुरतं भोक पाडून. एसीच्या खोलीतून बाहेर आलात की काचेवर बाष्प धरतं. पंधरा-वीस मिनिटं बॅग बंदच ठेवा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीच्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, यांची स्वप्नं पहिल्या वर्षी बघू नका. गेरमध्ये तोफांनी रंग उडतो, तिथं साधा कॅमेरा टिकत नाही. झांक्यांची रात्र शक्य आहे, पण आधी सराफ्याच्या उजेडावर हात बसवा.

घरी आल्यावर

रस्त्यावर फोटो पुसत बसू नका. छोट्या स्क्रीनवर नीट दिसत नाही आणि तेवढ्यात समोरचं हुकतं. घरी आल्यावर त्याच दिवशी कॉपी करा, फोल्डरला तारीख आणि गल्लीचं नाव द्या, आणि बंद करून ठेवा. निवड आठवड्यानं करा. लगेच निवडायला बसलं की जो फोटो काढायला जास्त कष्ट पडले तोच चांगला वाटतो. निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी दीडवर होतो, तीनवर की सहावर? सगळे सहावरचे असतील तर तुम्ही अजून लांबूनच बघता आहात. पुढच्या खेपेला पूर्ण फेरा फक्त दीड मीटरवर करा. अवघड जाईल, पण फरक लगेच दिसेल.

आणि छापा. ४ बाय ६ इंचाचा प्रिंट स्वस्त असतो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट तीनास दोन असल्यामुळे त्यात काहीही न कापता बसते. ज्यांचे फोटो काढले त्यांना नेऊन द्या, मागे तारीख लिहून. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो दोन दिवसांत वर सरकून जातो, प्रिंट गल्ल्याच्या मागे, देवाच्या फोटोशेजारी लागतो, आणि पुढच्या वेळी शेजारचा दुकानदारच हाक मारतो, "हमारा भी लो भिया!"

हा तुकडा पुरेसा ओळखीचा झाला की दक्षिणेला वळा, पंढरीनाथ आणि हरसिद्धीच्या बाजूला. तिथंच इंद्रेश्वराचं देऊळ आहे, ज्यावरून शहराला नाव पडलं असं सांगतात. तिकडे बाजार कमी आणि राहती घरं जास्त, म्हणून चाल हळू ठेवा, दारांसमोर कॅमेरा उघडा घेऊन रेंगाळू नका, आधी ओट्यावर बसलेल्यांना राम राम करा. लेन्स तीच ठेवा. दुपारी एक ते चार गल्ली झोपलेली असते. सकाळी पूजेच्या वेळी किंवा संध्याकाळी पाचनंतर जा.